शिकलगारांच्या गल्लीत आठ दिवस

मिरज हे मोठे जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार दिशांच्या गाड्या इथे येऊन मिळतात. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांनी मिरज पाहिलेली असते ती फलाटावरून, गाडी बदलताना, हातात चहाचा कप धरून. काही जण दवाखान्यासाठी उतरतात, कारण वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलपासून हे गाव वैद्यकीसाठी नावाजलेले आहे. काही जण मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या जियारतीला येतात. गावाची तिसरी ओळख मात्र जुन्या वस्तीत शिरल्याशिवाय दिसत नाही. ती म्हणजे सतारमेकर गल्ली.

गल्ली फार मोठी नाही. दोन्ही बाजूंना दुकाने, आणि बहुतेक दुकानांच्या मागच्या बाजूला कारखाना. कारखाना म्हटल्यावर यंत्रे डोळ्यांसमोर येतात, पण इथे जमिनीवर अंथरलेले पोते, मधोमध लाकडाचा ठोकळा आणि त्याभोवती बसलेली तीन-चार माणसे एवढाच कारखाना. वरच्या वाशांना वाळलेले भोपळे टांगलेले. हवेत लाकडाच्या भुशाचा आणि लाखेच्या पॉलिशचा वास. कुठूनतरी एखादी तार छेडल्याचा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. जुम्म्याच्या दिवशी दुपारी गल्ली शांत होते आणि नमाज, जेवण आटोपून पुन्हा कामाला लागते.

या गल्लीत मी यंदा आठ दिवस राहिलो. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा बारावी झाला आणि कॉलेजात त्याचे मन रमेना. त्याला लाकडात हात घालायचा होता. घरातले जुने कपाट त्याने स्वतः दुरुस्त केले होते, दाराच्या चौकटीवर वेल कोरायला घेतली होती. आपाला, म्हणजे माझ्या बहिणीला, हे पटत नव्हते. मेहुणे हयात नाहीत, घर तिच्या शिवणकामावर चालते. तिचा प्रश्न सरळ होता, "शिकेल, पण खाईल काय?" शेवटी ठरले की मी मामू या नात्याने त्याला घेऊन जायचे, काम डोळ्यांनी पाहायचे आणि मग बोलायचे. ओळखीच्या एका घराण्यातल्या उस्तादांनी आठ दिवस बसू द्यायचे कबूल केले होते.

तलवारीची धार आणि सतारीची तार

गल्लीतल्या कितीतरी घरांचे आडनाव आज सतारमेकर आहे, पण मूळ आडनाव शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारा, त्यांना झळाळी आणणारा. तलवारी, भाले, कट्यारी यांची निगा राखणे हा या लोकांचा पिढीजात धंदा. लढाया थांबल्या, इंग्रजी अंमल बसला, संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि तलवारीला धार लावून घेणारे गिऱ्हाईक संपले. अशा काळात, १८५०च्या सुमारास, फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्य दुरुस्तीला हात घातला असे सांगतात. एका गवयाचे बिघडलेले वाद्य त्यांनी नीट करून दिले, मग त्यासारखे नवे बनवून पाहिले, आणि त्यातून पुढे सतार-तंबोऱ्याचा धंदा उभा राहिला.

धंदा टिकायला गिऱ्हाईकही जवळ होते. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात गाण्याला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे शिकवीत आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडेच मिरजेत शिकले. पुढे किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्थानकावर त्यांचा इंतकाल झाला, आणि त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांच्या स्मृतीसाठी उरुसात गवई येऊन हजेरी लावतात. गाणारा आणि वाद्य घडवणारा एकाच गावात राहत असल्यामुळे वाद्यात काय कमी आहे ते कारागिराला त्याच संध्याकाळी कळे.

हा सगळा इतिहास उस्तादांनी आम्हाला पहिल्या दिवशी सांगितला, पण सांगायची त्यांची रीत निराळी होती. त्यांनी भाच्याच्या हातात एक जुनी पटाशी दिली आणि म्हणाले, "बेटा, आमच्या परदाद्यांचा धंदा बदलला. पण धार तीच राहिली. तलवारीची राहिली नाही, पटाशीची राहिली."

आधी धार, मग नक्षी

पहिले तीन दिवस भाच्याने लाकडाला हात लावला नाही. सकाळी झाडलोट, मग दगडासमोर बसणे. त्याची तोंडावरची नाराजी उस्तादांना दिसत होती, पण ते काही बोलले नाहीत. मी शेजारी बसून वहीत लिहीत होतो. ते इथे देतो, कारण घरात सुरी, कात्री, विळी असणाऱ्या प्रत्येकाला त्यातले काहीतरी कामाला येईल.

पटाशीला दोन बाजू असतात. एक सपाट पाठ आणि दुसरा उतार. धार म्हणजे या दोन बाजू जिथे मिळतात ती रेघ. ती रेघ दोन्हीकडून गुळगुळीत असेल तरच ती कापते. म्हणून नव्या पटाशीची पाठ आधी दगडावर सपाट घासून आरशासारखी करायची. हे काम एकदाच करावे लागते, पण ते टाळले तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. मग उतार दगडावर पूर्ण टेकवायचा आणि मनगट न हलवता पुढे-मागे न्यायचे. मनगट डोलले की उतार गोल होतो, आणि गोल उताराची पटाशी लाकडात शिरण्याऐवजी घसरते. मऊ लाकडासाठी उतार निमुळता, साधारण २० ते २५ अंशांचा, आणि कठीण लाकडासाठी थोडा जाड, ३० अंशांच्या आसपास ठेवतात. निमुळती धार छान कापते पण लवकर मोडते, जाड धार टिकते पण जोर मागते.

दगड दोन-तीन लागतात, खरबरीत ते अगदी मऊ. पाते मोडले असेल तरच खरबरीत दगड घ्यायचा, रोजच्या कामाला मऊ दगड पुरतो. पाण्याच्या दगडाला पाणी आणि तेलाच्या दगडाला तेल. दगडाच्या एकाच जागी घासत राहिले तर तिथे खळगा पडतो, म्हणून सगळा दगड वापरायचा. थोड्या वेळाने पात्याच्या पाठीकडे अगदी बारीक कड उमटते. डोळ्यांना ती दिसत नाही, बोट आडवे फिरवले की जाणवते. ती कड आली म्हणजे धार टोकापर्यंत पोहोचली. मग पाठ दगडावर सपाट ठेवून ती हलकेच काढायची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते ओढायचे. ओढायचे म्हणजे नेहमी मागेच. पुढे ढकलले तर धार चामड्यात रुतते आणि मोडते.

गोल पटाशीची धार लावणे आणखी अवघड. तिथे मनगट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश वळवावे लागते, आणि आतली पोकळ बाजू लहान गोल दगडाने साफ करावी लागते.

धार आली की नाही हे पाहायला पुष्कळ लोक अंगठा लावतात. उस्ताद तसे करू देत नाहीत. ते लाकडाचा तुकडा उभा धरतात आणि त्याच्या टोकावर, तंतूंच्या आडवे, एक काप घेतात. काप चकचकीत निघाला तर धार आहे. पांढुरका, फाटल्यासारखा निघाला तर पुन्हा दगडावर जा.

विजेच्या चाकावर धार लवकर लागते, पण तिथे एक धोका आहे. पाते तापून निळे पडले की पोलादाचे पाणी गेले. मग कितीही घासा, धार तासभरसुद्धा टिकत नाही. शिकलगारांच्या घरात हे लहान मुलालाही ठाऊक असते. चाक वापरलेच तर क्षणाक्षणाला पाते पाण्यात बुडवायचे.

संध्याकाळी काम आटोपल्यावर प्रत्येक पटाशी कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवून ठेवायची. हाताच्या घामात मीठ असते आणि पावसाळ्यात एका रात्रीत गंजाचे ठिपके पडतात. पटाश्या पेटीत एकमेकींवर टाकायच्या नाहीत, धार धारेला लागून दोन्ही बिघडतात. चौथ्या दिवशी उस्तादांच्या घरातून खालांनी भाच्यासाठी जाड कापडाची गुंडाळी शिवून पाठवली. तिला बारा कप्पे होते. उस्तादांनी त्यात फक्त तीन पटाश्या घातल्या आणि बाकीचे नऊ कप्पे रिकामे ठेवून दिले.

एक पान

चौथ्या दिवशी लाकूड हातात आले. इथे तूण वापरतात. बाजारात त्याला लाल देवदार म्हणतात, पण हिमालयातल्या देवदाराशी त्याचे नाते नाही. वजनाला हलके, रंगाने तांबूस, आणि आवाजाला चांगले. तंबोऱ्याची दांडी आणि भोपळ्याच्या तोंडावर बसणारी तबली याच लाकडाची.

तंबोऱ्यावर नक्षी कुठे असते, तर भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथे. तिथे लाकडाची कोरलेली पाने बसवतात. पाहणाऱ्याला ती शोभेची वाटतात. पण ती सांधा झाकतात, आणि त्याला बळकटीही देतात. शिकणाऱ्याला पहिले काम मिळते ते असे पान कोरण्याचे, तेही टाकाऊ तुकड्यावर.

पान आधी पेन्सिलीने काढायचे. मग लाकडाचे तंतू कोणत्या दिशेने धावतात ते पाहायचे. मांजराच्या पाठीवर हात फिरवण्यासारखेच हे आहे, एका बाजूने मऊ लागते आणि उलट बाजूने केस उभे राहतात. तंतूंच्या दिशेने कापले तर काप गुळगुळीत, उलट गेले तर लाकूड उचकटते. पानाच्या एका अर्ध्या भागात दिशा एक असते आणि दुसऱ्या भागात दुसरी, म्हणून मधल्या शिरेशी आले की हत्यार उलटे फिरवावे लागते. शिकणाऱ्याचे अर्धे शिक्षण या फिरवण्यात आहे.

मग कडेच्या रेघेवर पटाशी उभी धरून मोगरीचा हलका ठोका देत सगळा आकार छापून घ्यायचा. या उभ्या कापामुळे पुढची छिलका काढताना हत्यार रेघेच्या आत घुसत नाही. त्यानंतर बाहेरचे लाकूड थोडे थोडे काढून पान वर आणायचे, मग पानाला गोलाई द्यायची आणि शिरा शेवटी. एका वेळी जाड छिलका काढायचा मोह होतो. भाच्याने तो केला आणि पानाचे टोक उडाले. उस्तादांनी तुकडा उलटा केला आणि म्हणाले, "या बाजूला दुसरे काढ."

दोन नियम मात्र ते पुन्हा पुन्हा सांगत. तुकडा नेहमी शिकंज्यात पक्का धरायचा, आणि दोन्ही हात धारेच्या मागे असले पाहिजेत. बोथट हत्यारानेच जखमा जास्त होतात, कारण बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात थांबवता येत नाही. दुसरा नियम काचकागदाचा. कोरणे पूर्ण होईपर्यंत काचकागद लावायचा नाही. त्याची बारीक वाळू लाकडात अडकून राहते आणि पुढच्या कापात पटाशीची धार खाते.

आठव्या दिवशी संध्याकाळी भाच्याच्या समोर अकरा पाने होती. उस्तादांनी त्यातले एकच उचलून खिडकीशी नेले, उजेडात तिरपे धरले आणि न बोलता परत ठेवले. शेजारच्या जुन्या कारागिराने मला हळूच सांगितले, "उचलले म्हणजे पास झाला."

भोपळ्याची गोष्ट

तंबोऱ्याचा भोपळा खायचा नव्हे. तो कडू, जाड सालीचा, आणि तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठच्या शेतांतून. शेतात तो बुडावर नीट बसवून वाढवतात, म्हणजे आकार बिघडत नाही. कापणीनंतर तो महिनोन्‌महिने वाळतो. मग कारागीर तो कापतो, पाण्यात भिजवतो, आतला गर खरवडून काढतो आणि पुन्हा सुकवतो. गवई पुरुष असेल तर मोठा भोपळा आणि पाच फुटांच्या आसपास लांबी. स्त्रियांचा सूर उंच, म्हणून त्यांचा तंबोरा लहान. एका शेतकऱ्याचे पीक बुडाले किंवा त्याने ऊस लावला, तर त्याचा परिणाम या गल्लीत दिसतो.

शेवटचे काम जवारीचे. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा वरचा माथा कानशीने इतका बारीक घासायचा की तार त्यावर टेकून थरथरेल. पूर्वी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. आता कायद्याने ते बंद आहे, म्हणून उंटाचे हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. जवारी लावणारे हात गल्लीत मोजके आहेत. पटाशीला धार लावताना जे बोट कड ओळखायला शिकते, तेच बोट पुढे घोडीचा माथा ओळखते. तीन दिवस दगडासमोर का बसवले, ते भाच्याला इथे कळले.

आपाचा प्रश्न

आता आपाच्या प्रश्नाकडे येतो. मी तो उस्तादांसमोर जसाच्या तसा मांडला. त्यांनी लपवाछपवी केली नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, ईदला येतो तेव्हा दोन दिवस पोत्यावर बसतो, हात अजून चालतो. "त्याला मी रोखले नाही," ते म्हणाले. "त्याच्या पोरांची फी दर महिन्याला भरावी लागते. आमच्याकडे काही महिने भरपूर काम असते, काही महिने नाही."

इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आली तेव्हापासून शिकणारी मुले घरी तंबोरा घेत नाहीत. आता तर मोबाइलवरच सूर मिळतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे दुसरीकडे बनवलेल्या मालावर मिरजेचे नाव लावून विकणे कायद्याने अडते. मान मोठा आहे, पण मानांकन गिऱ्हाईक आणून देत नाही, ते कारागिरालाच शोधावे लागते.

मग शिल्लक काय? दुरुस्ती. प्रत्येक जवारी झिजते आणि पुन्हा लावावी लागते. सांधे सुटतात, भोपळा तडकतो, खुंट्या सैल होतात. मैफिलीतला गवई मोबाइलवर भागवत नाही. ज्याला जवारी आणि सांधा दोन्ही येतात, त्याच्याकडे काम चालत येते. पण तिथवर पोहोचायला, उस्तादांच्या हिशेबाने, चार-पाच वर्षे लागतात.

त्यांच्या अटी स्पष्ट होत्या. पहिले सहा महिने मजुरी नाही, दुपारचे जेवण त्यांच्या घरी. त्यानंतर पानांचे आणि पॉलिशचे काम नगावर. शिक्षण सोडायचे नाही. ही शेवटची अट ऐकून मला नवल वाटले, पण त्यांचे कारण व्यवहाराचे होते. परदेशातले गिऱ्हाईक पत्र लिहिते, बिल मागते, पार्सलचे कागद लागतात. "हुनर आणि कागद, दोन्ही हातात पाहिजेत," असे त्यांचे म्हणणे.

हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतारकाम करीत, हे आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवले जाते. हाताच्या कमाईची रोटी हलाल आणि बरकतीची, हेही. तरीही आपल्याच घरातला मुलगा पटाशी हातात घेतो म्हणाला की आपण दचकतो. आपाचे दचकणे मला चुकीचे वाटत नाही. ज्या बाईला पहिल्या तारखेला घरभाडे द्यायचे असते, तिला बरकतीबरोबर हिशेबही सांगावा लागतो. म्हणून मी घरी परतल्यावर तिच्यापुढे कौतुकाच्या गोष्टी मांडल्या नाहीत. सहा महिन्यांचा खर्च, राहण्याची जागा, नंतर नगाला मिळू शकणारी रक्कम, आणि जमले नाही तर परत येण्याचा मार्ग, हे कागदावर लिहून दिले. दोन दिवस तो कागद शिवणयंत्राच्या खणात होता.

तिसऱ्या दिवशी तिने होकार दिला, तिच्या दोन अटींवर. मुलाने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पदवीसाठी नाव घालायचे, आणि एक वर्षाने पुन्हा बसून हिशेब पाहायचा. नाव घातले आहे. तो आता गल्लीत एका खोलीत दुसऱ्या एका शागिर्दाबरोबर राहतो.

ज्या पालकांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी असेल त्यांना एवढेच सुचवतो. निर्णयाआधी मुलाला आठ-दहा दिवस कारागिरासमोर बसवा, आणि स्वतःही एखादा दिवस बसा. मूल कोरते कसे ते पाहू नका, कारण आठ दिवसांत कोणालाच कोरता येत नाही. दगडावर तेच ते घासताना ते कंटाळून उठते की पुन्हा बसते, एवढे पाहा. कारागिराला पैशाचे प्रश्न सरळ विचारा, खरा कारागीर सरळ उत्तर देतो. आणि पहिल्याच दिवशी हत्यारांचा महागडा संच विकत घेऊ नका. एक सरळ पटाशी, एक गोल, एक लहान कोरणी आणि एक चांगला दगड पुरतो. भाच्याच्या गुंडाळीत अजून आठ कप्पे रिकामे आहेत. चौथी पटाशी उस्तादांनी गेल्या महिन्यात दिली, तीही वापरलेली, धार त्याला स्वतः लावून घ्यावी लागली.